आडवी रेघ असलेला सात

मी, अल्बिना झुपान, राहणार युक्लिड, ओहायो, वय वर्षे पंचाहत्तर, अविवाहित, व्यवसाय जुन्या बेसबॉलच्या जर्सी, टोप्या आणि ग्लोव्ह खरोखर सामन्यात वापरलेले आहेत की नाहीत ते तपासून देणे (आता बंद), हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांची चौकशी कायदा करत नाही असं गॅरिटी वकील म्हणाले. यापूर्वी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. पहिलं आजारपणात घाबरून केलं होतं आणि दुसरं रागात.

वकील म्हणतात, थोडक्यात लिहा. मी चाळीस वर्षं थोडक्यातच लिहिलं. 'अस्सल.' 'नकली.' 'सांगता येत नाही.' या तीन शब्दांचा मला आता वीट आला आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते. ज्याला कंटाळा येईल त्याने थेट सहावं कलम वाचावं. एका खऱ्या माणसाला मी खोटारडा ठरवलं, त्याचं नाव त्याला परत करायचं आहे. हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे, बाकीची कलमं आपली ओघाने आली.

कलम १. युक्लिडमधलं माझं घर, आतलं सामान आणि मागच्या अंगणातलं नाशपातीचं झाड, हे सर्व माझी भाची डोरीन मॅक्केब, म्हणजे माझी थोरली बहीण पावला हिची मुलगी, हिला द्यावं. तिने ते विकलं तरी माझी हरकत नाही. मागचं दार उन्हाळ्यात फुगतं, खालून लाथ घातली की उघडतं. घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर घालू नये. डोरीन ही माझी एकुलती एक नातेवाईक उरली आहे म्हणून तिला घर देते असं कोणी समजू नये. माझ्यावर ओरडणारं माणूस ती एकटीच आहे, म्हणून देते. बाकीचे सगळे माझ्या वयाचा मान राखतात, त्यामुळे खरं काय ते मला कोणी सांगत नाही.

कलम २. बँकेत जे काही राहील ते स्लोव्हेनियन सभागृहाच्या स्वयंपाकघराला द्यावं आणि तिथला ओव्हन बदलावा. गेली वीस वर्षं तिथली पोतीत्सा, म्हणजे अक्रोड भरलेली गोड पावाची गुंडाळी, एका बाजूने करपते, आणि आम्ही सगळे 'वा, काय झालीये' म्हणत दुसऱ्या बाजूचा तुकडा शोधत असतो.

कलम ३. खालून उजेड येणारं काचेचं टेबल, दोन भिंगं, जांभळा दिवा आणि जुन्या दोऱ्यांच्या नमुन्यांचे सव्वीस डबे टोलेडोच्या संग्रहालयात जुनी कापडं दुरुस्त करणाऱ्या बायकांना द्यावेत. त्यांना कसं वापरायचं ते सांगावं लागणार नाही, पण डोरीनला नेहमी वाटत आलं आहे की मी जादूटोणा करते, म्हणून लिहून ठेवते. पूर्वी मोठ्या क्लबचे खेळाडू लोकरी जर्सी वर्षभर घालत, मग त्या लहान क्लबांकडे जात. तिथे जुनं नाव उसवून नवं घालत. सुईची भोकं मात्र राहतात, आणि टेबलावर कापड पसरलं की त्या भोकांतून पहिलं नाव वाचता येतं. जांभळ्या दिव्याखाली हल्लीचा दोरा चमकतो, जुना चमकत नाही. घामाचा डाग काखेत हवा. लबाडी करणारे तो छातीवर पाडतात, कारण काचेच्या कपाटात छाती दिसते.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. अठराव्या वर्षी मी ब्रॅनिगनच्या कारखान्यात लागले. बेसबॉलचे गणवेश शिवायचा कारखाना. मी साखळी टाक्याच्या मशीनवर होते. टेबलाखाली एक दांडा असतो, तो फिरवत फिरवत कापडावर नाव लिहायचं, कागदावर पेनने लिहावं तसं. त्यामुळे प्रत्येक बाईचं अक्षर वेगळं. जर्सीचा जो खालचा भाग पँटमध्ये खोचतात, तिथे लाल दोऱ्याने खेळाडूचं नाव आणि साल आम्हीच घालायचो. एकोणसत्तरला कारखाना बंद पडला, आणि काही वर्षांनी संग्राहक लोक मला शोधत आले, कारण कुठलं अक्षर कोणाच्या हातचं हे सांगणारी जिवंत बाई मी एकटीच उरले होते. डोक्यात हवा जायला एवढं पुरे झालं.

कलम ४. अ‍ॅक्रनचे व्यापारी व्हर्जिल डॅगेट यांस माझ्या फडताळातली चहाची सर्व पाकिटं द्यावीत. कालच्या जर्सीला पन्नास वर्षांची करायला ते ती चहात भिजवत असत. एकदा मी विचारलं, "व्हर्जिल, हिला लिंबाचा वास कसा येतो?"

"खेळाडूला लिंबू घालून चहा आवडत असेल."

"काखेने प्यायचा का?"

त्यावर ते मनापासून हसले आणि जर्सी गुंडाळून निघून गेले. लबाड होते, पण कधी रडले नाहीत, कधी माझ्यावर चिडले नाहीत. खऱ्या माणसाशी मी जशी वागले त्यापेक्षा या लबाडाशी कितीतरी गोडीने वागले, हे आता टोचतं.

कलम ५. आईची शिवणाची पेटी डोरीनकडेच परत जावी. ही पेटी काय आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमची आई फ्रान्चिश्का १९७१ साली गेली. अंत्यविधीनंतरचं जेवण चालू असताना पावला उठली, पेटी काखेत मारली आणि दाराकडे निघाली.

मी म्हणाले, "ती मला हवी आहे. शिवणकाम मी करते."

"तुझ्याकडे अख्ख्या कारखान्याची मशीनं होती की. ही मी नेते."

"तुला धड बटण तरी लावता येतं का गं?"

चाळीस माणसांसमोर मी हे बोलले. ते आमच्यातलं शेवटचं वाक्य. पुढे एकोणचाळीस वर्षं ती माझ्यापासून अकरा गल्ल्यांवर राहिली. चर्चमध्ये ती डावीकडच्या बाकांवर, मी उजवीकडच्या. ती गेल्या वर्षी वारली. यंदाच्या जुलैत डोरीनने तिचं घर आवरलं आणि पेटी माझ्यासमोर आणून आदळली. "घे बाई एकदाची! दोघींनी जन्म घालवला हिच्यापायी."

पेटीच्या तळाचा निळा कागद फाटला होता. तो बदलायला म्हणून काढला, तर खाली तळहाताएवढा फ्लॅनेलचा तुकडा. साखळी टाक्याचं काम सुरू करण्याआधी हात बसावा म्हणून आम्ही असा तुकडा घेत असू. त्यावर लाल दोऱ्याने अकरा वेळा '४७' काढलेलं होतं, आणि टाचणीने ब्रॅनिगनच्या मागणीची चिठ्ठी लावलेली होती: सँडस्की क्लब, १९४७.

आमच्याकडचा इंग्रजी सात म्हणजे वर एक दांडी आणि खाली तिरका पाय, बस्स. या तुकड्यावरच्या प्रत्येक साताच्या पोटातून एक छोटी आडवी रेघ होती. आई तशीच सात काढायची. जुन्या देशात, स्लोव्हेनियात, तिच्या शाळेत तसंच शिकवत. दुधाच्या हिशेबात, कॅलेंडरवर, सगळीकडे मी तो सात लहानपणापासून पाहिलेला.

आई ब्रॅनिगनकडे कामाला होती हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. कारखान्यात फक्त कामगार संघटनेच्या सभासदांना काम मिळे, आणि बाबा तर तारेच्या गिरणीतल्या संघटनेचे कट्टर कार्यकर्ते. त्या वसंतात नावं घालणारी एक बाई बाळंतपणाला गेली आणि मागणी अडली असणार. आईला मागच्या दाराने आत घेतलं असणार, हजेरीपटावर न चढवता. बाबांना कळतं तर त्यांनी तिच्याबरोबर जेवण टाकलं असतं. मी अकरा वर्षांची होते. आई चर्चची फरशी पुसायला जाते असं आम्हाला सांगायची, आणि तिच्या बाह्यांना लाल तंतू चिकटलेले असायचे. "वेदीवरचं कापड आहे गं," म्हणायची.

पावलाला हे माहीत होतं. डोरीन सांगते, "आई म्हणायची, या पेटीत आजीची अब्रू आहे, आणि अल्बिनाला कळलं तर ती गावभर करेल." मी तेव्हा पक्की संघटनावाली होते, केलंही असतं. मी तिला चोर समजले आणि ती आईला झाकत होती. पावला, मी चुकले. हे तुझ्या तोंडावर म्हणायला माझ्याकडे अकरा गल्ल्यांचं अंतर आणि एकोणचाळीस वर्षं होती.

कलम ६. एल्मर टोबायस, राहणार कॉनिऑट, ओहायो, यांच्याविषयी.

१९४७च्या उन्हाळ्यात हे गृहस्थ सँडस्कीच्या लहानशा क्लबकडून कॅचर म्हणून, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा म्हणून, नऊ सामने खेळले. मग अंगठा मोडला, घरी आले, आणि पुढचा जन्म रेल्वेची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. दोन वर्षांनी नेटीशी लग्न झालं. तिने त्यांना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्राने नऊही वेळा त्यांचं नाव 'टोबिन' असं छापलं. क्लब बुडाला, कागदपत्रं गेली. हा माणूस कधीकाळी खेळला याला जगात एकच पुरावा होता, काठावर लाल दोऱ्याने 'टोबायस ४७' घातलेली त्यांची जर्सी.

१९९८ साली कॉनिऑटच्या वाचनालयाने गावातल्या खेळाडूंसाठी एक काचेचं कपाट करायचं ठरवलं आणि जर्सीबरोबर तपासणीचं पत्र मागितलं. म्हणून नवरा-बायको मेंटर गावातल्या संग्राहकांच्या मेळाव्यात माझ्या टेबलाशी आले. मागे वीसेक माणसांची रांग होती.

"ही माझी जर्सी, बाई."

"सगळेच तसं म्हणतात, मिस्टर टोबायस."

"सगळ्यांनी घातली नव्हती. मी घातली होती."

मी कापड पाहिलं, बरोबर होतं. दोरा चमकला नाही. पाठीवर कॅचरच्या छातीवरच्या संरक्षक गादीचे पट्टे घासल्याची खूण होती, जिथे हवी तिथेच. आणि मग मी सात पाहिला. ब्रॅनिगनच्या हजेरीपटावर त्या वर्षी नावं घालणाऱ्या तीन बायका होत्या, तिघींची अक्षरं मला पाठ, आणि तिघींपैकी कोणीच साताला आडवी रेघ देत नव्हती. आईचा सात माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला आई आठवली नाही. मला युरोपातून माल आणणारे नकली जर्सीवाले आठवले. हजेरीपटावर जे नाही ते नाहीच, इतका माझा त्यावर विश्वास.

"ही त्या काळची नाही," मी म्हणाले. "नाव तर ब्रॅनिगनमध्ये घातलेलंच नाही."

"अहो, मला आठवतंय ना! बॉक्समधून काढून दिली मला, इस्त्रीची घडी होती!"

"मिस्टर टोबायस, आठवण हा पुरावा नसतो."

रांगेतलं कोणीतरी फिदीफिदी हसलं. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवते. नेटीबाईंनी जर्सीची घडी घातली, बाह्या आत दुमडून, बाळाचं झबलं ठेवावं तशी. दारापाशी त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "एल्मर, तू ही कुठून विकत तर आणली नाहीस ना रे?"

मी ते ऐकलं. पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "या."

या कलमाचा पहिला मसुदा असा होता: 'माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत टोबायस यांस माझ्या चुकीची लेखी कबुली पाठवावी.' डोरीन टाइप करत होती. तिचे हात थांबले.

"मावशी, हा माणूस जिवंत आहे?"

"आहे. चौकशी केली मी. नव्वद वर्षांचा."

"आणि तू पंचाहत्तरची. मग तू आधी मरणार हे कोणी ठरवलं?"

"गं, मृत्युपत्रात तसंच लिहितात."

"तुला त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही, म्हणून तू मरायची वाट बघतेयस! कमाल आहे तुझी. माझ्या आईच्या बाबतीत हेच केलंस. ऊठ, कोट घाल."

म्हणून ते वाक्य काढून टाकलं आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही कॉनिऑटला गेलो. मिस्टर टोबायस वृद्धाश्रमात खिडकीशी बसले होते.

मी म्हणाले, "मला ओळखलंत का?"

"जर्सीवाली बाई," ते म्हणाले. "आठवण हा पुरावा नसतो म्हणाली होतीस. ते चांगलं आठवतंय."

मी फ्लॅनेलचा तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि आईचं सगळं सांगितलं. मागच्या दाराचं, बाबांचं, पेटीचं. मग त्यांनी पलंगाखालची कागदी पिशवी काढायला लावली. डांबरगोळ्यांचा वास आला. घडी तीच होती, नेटीबाईंनी मेळाव्यात घातलेली. नंतर कोणी मोडलेलीच नव्हती. मी ती उघडली. भिंग आणलं नव्हतं. आईचा सात तिथे होता, आणि तिने तो घातला तेव्हा तिचं वय माझ्या डोरीनपेक्षाही कमी होतं. मला रडू फुटलं. परिचारिका पाण्याचा ग्लास घेऊन धावली.

"ही माझ्या आईच्या हातची आहे," मी म्हणाले.

"आणि घातली कोणी?"

"तुम्ही. तुम्हीच घातली होती."

"तेरा वर्षं लावलीस." ते खिडकीबाहेर बघत होते. "नेटी विचारायची. भांडून नाही हं. अशीच, बशा पुसता पुसता. 'एल्मर, मी रागावणार नाही, पण एकदा खरं सांगून टाक.' सात वर्षं विचारत होती, जाईपर्यंत. आता मी तिला काय सांगणार होतो? खरंच सांगत होतो की."

मी क्षमा मागितली. ते म्हणाले, "ती माझ्याकडे मागून काय उपयोग, बाई?"

त्याच दिवशी माझ्या जुन्या कागदावर, माझ्या सहीशिक्क्यानिशी, अस्सल असल्याचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि जर्सीच्या घडीत ठेवलं. नेटीबाई २००५ साली गेल्या, कॉनिऑटच्या दफनभूमीत आहेत. माझ्या पत्राने त्यांच्यापर्यंत काहीही पोचत नाही.

कलम ७. माझी तपासणीची वही जाळू नये. धंद्यातली माणसं ती प्रमाण मानतात. पान चौदावर मी लिहिलं आहे: 'ब्रॅनिगन, १९४७, साताला आडवी रेघ असल्यास नकली.' ते खोडू नये. त्याखाली मी लाल शाईने 'हे मी चुकीचं लिहिलं' असं लिहून सही केली आहे, ते दिसू द्यावं. या नियमाने मी आणखी दहा जर्सी नाकारल्या. दहाही मालकांना पत्रं गेली. तीन पत्रं परत आली, पत्ता बदललेला किंवा माणूस गेलेला. ती तिन्ही वहीत ठेवली आहेत. त्यांचे वारस शोधायचं काम डोरीनवर टाकते आणि तिची माफी मागते. मी फार दमले आहे.

कलम ८. मला पावलाच्या शेजारच्या जागेत पुरावं. ती जागा तिनेच घेऊन ठेवली होती, डोरीनने परवा सांगितलं. कोणासाठी म्हणून विचारलं तर पावला म्हणायची, "असू दे." जेवणात सॉसेज आणि आंबट कोबी असावा, अकॉर्डियन वाजवायला कोणी मिळालं तर वाजवावं, भाषणं नकोत. डोरीनला बोलायचं असेल तर बोलू द्यावं, तिला कोणी अडवू शकत नाही.

साक्षीदारांविषयी. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून डोरीन बाहेर. मी मिस्टर टोबायस यांना विचारलं.

"मी?" ते म्हणाले. "माझ्या शब्दाला तुझ्याकडे किंमत कधीपासून आली?"

"ऑक्टोबरपासून."

गॅरिटी वकिलांनी हात जोडले. "मिस झुपान, साक्षीदार मृत्युपत्र करणारीपेक्षा तरुण असावा. उद्या कोर्टात यांची स्मरणशक्ती ग्राह्य धरतील का?"

मी म्हणाले, "मी धरते."

म्हणून या मृत्युपत्रान्वये मिस्टर टोबायस यांच्या नावे मी काहीही ठेवलेलं नाही. त्यांना साक्षीची वाक्यं स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावीत अशी माझी इच्छा होती. वकिलांनी कपाळाला आठ्या घालून ती मान्य केली.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला आहे, तो माझाच आहे, आणि खालची सही मी स्वखुशीने करत आहे.

ठिकाण: कॉनिऑट, ओहायो
दिनांक: २२ नोव्हेंबर २०११

(सही) अल्बिना झुपान

साक्षीदार पहिली: (सही) रोझलिन बीम, परिचारिका, कॉनिऑट. अल्बिना झुपान यांनी माझ्यासमक्ष सही केली. त्या पूर्ण भानावर होत्या.

साक्षीदार दुसरा: मी, एल्मर टोबायस, सेवानिवृत्त रेल्वे मेकॅनिक, सँडस्की क्लबचा कॅचर. मजकूर सगळा ऐकला. बाईंनी सही केली तेव्हा मी समोर होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. नेटी असायला हवी होती.

(सही) एल्मर टोबायस